रणदिवेबाईंची निवड समिती

रणदिवेबाईंनी आमच्या टीमचा पहिला खेळाडू नापास केला, तेव्हा हा खेळ कशाशी खातात हेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं.

शनिवारची सकाळ होती. सिंगापूरच्या यिशुन भागात आमच्या ब्लॉकखालच्या कॉफी शॉपमध्ये मी आणि विल्सन टॅबलेटमध्ये डोकं घालून बसलो होतो. विल्सन हा माझा आंग मो किओच्या कंपनीतला सहकारी, अस्सल सिंगापूरचा चिनी गडी. आम्ही दोघं दहा वर्षांच्या अंतराने अमेरिकेतल्या एकाच बर्फाळ गावात शिकलो आणि डिग्रीबरोबर तिथल्या फुटबॉल टीमचा नादही घेऊन परत आलो. फुटबॉल म्हणजे अमेरिकन. चेंडू हातात, झुंज खांद्यांची, आणि नाव मात्र पायाचं. आमची टीम दरवर्षी इमानेइतबारे हरते. त्यामुळे आम्हाला सामन्यांपेक्षा ड्राफ्टचा सण मोठा. कॉलेजात खेळून बाहेर पडलेल्या पोरांतून व्यावसायिक टीम पाळीपाळीने आपापले खेळाडू उचलतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. तो असतो एप्रिलअखेर, पण कुणाला उचलावं यावर आमच्यासारखे खुळे जानेवारीपासून भांडत असतात. आमचं मत कुणी विचारलेलं नसतं, ही गोष्ट आम्ही मनावर घेत नाही.

त्या सकाळी विल्सन एका सहा फूट सहा इंची पोराची आरती ओवाळत होता. मी वैतागून मराठीतली एक घरगुती शिवी हासडली. मागून आवाज आला, "भाषा!"

माझी मान आपोआप खाली गेली. शाळा सोडून वीस वर्षं झाली होती, पण मानेला ते कळत नसावं. वळून पाहिलं तर पासष्टीच्या पुढच्या एक बाई उभ्या होत्या. सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात दोरीला अडकवलेली शिट्टी. सिंगापुरात कुत्रं अंगावर येत नाही हे त्यांना त्यांचा मुलगा दोन वर्षं पटवत होता, पण शिट्टीशिवाय फिरायला जायला त्या तयार नव्हत्या.

त्यांनी टॅबलेटवर बोट ठेवलं. "आणि ह्याला घेऊ नका. टाच टेकलीय त्याची."

"काय म्हणते आंटी?" विल्सनने विचारलं. मी सांगितलं. विल्सनने चित्रफीत मागे नेली आणि पुन्हा लावली. खरंच, समोरचा गडी अंगावर येण्याआधी त्या धिप्पाड पोराची उजवी टाच जमिनीला टेकत होती. मग तो हलेपर्यंत पाहुणा घरात शिरलेला असे.

"टाच टेकली की पकड गेली," बाई म्हणाल्या. "चवड्यावर उभा राहणारा बघा." आणि आपली बिनदुधाची, बिनसाखरेची कोपी, म्हणजे इथली कॉफी, घेऊन आमच्याच टेबलावर बसल्या. बसू का, असं त्यांनी विचारलं नाही. पुढेही कधी विचारलं नाही.

त्या मूळच्या पेणच्या. तिथल्या शाळेत पस्तीस वर्षं व्यायाम शिकवला आणि त्यातली बरीच वर्षं जिल्ह्याच्या मुलींच्या कबड्डी संघाच्या निवड समितीवर होत्या. मुलगा निखिल इथे बँकेत सॉफ्टवेअरमध्ये. त्याच्याकडे, आमच्याच ब्लॉकमध्ये, त्या राहायला आल्या होत्या आणि घरात बसून कंटाळल्या होत्या. नात ईरा त्यांना सूर्यनमस्काराच्या बाराव्या आवर्तनाला "आजी, enough already lah!" असं इथल्या लोकांसारखं शेवटी "लाह" लावून म्हणत सोडून जायची. अशा बाईंच्या समोर आम्ही दोन आयते बकरे येऊन बसलो होतो.

ड्राफ्टचा नियम त्यांना समजावायला मला एक मिनिटही लागलं नाही. "सगळ्यात जास्त हरलेल्या टीमला पहिली निवड मिळते," मी म्हणालो.

"म्हणजे ढ मुलाला पहिल्या बाकावर बसवायचं. शहाणी माणसं आहेत," बाई म्हणाल्या. "मग तुमचे ढ अजून ढ कसे?"

याचं उत्तर आमच्या त्या बर्फाळ गावात गेली कित्येक वर्षं लोक शोधताहेत.

महिन्याभरात आमच्या वादाला शिस्त लागली. एकाने बोलायचं, दुसऱ्याने ऐकायचं. उंची आणि वजन आधी सांगायचं नाही. "वजन मटणाचं विचारतात, माणसाचं नाही." आणि मोठा नियम म्हणजे, कुठल्याही पोराला नाकारण्याआधी त्याचा एक गुण मोठ्याने सांगायचा. आधी गुण, मग दोष. विल्सनला हे फार जड जायचं. त्याचा स्वभाव असा की आवडला तर देव, नाही तर कचरा. एकदा एका पोराचा गुण सापडेना तेव्हा तो बराच वेळ डोकं खाजवून म्हणाला, "टीचर, ही लव्ह हिज मदर." बाईंनी तो ग्राह्य धरला.

जागांची नावंही त्यांनी बदलून टाकली. ह्या खेळात चेंडू फेकणाऱ्याला वाचवायला पाच जाडजूड गडी समोर उभे असतात. त्यातला डाव्या टोकाचा सगळ्यात महत्त्वाचा, कारण तिकडून येणारा हल्ला फेकणाऱ्याला दिसत नाही. त्याचं इंग्रजी नाव बाईंनी एकदा ऐकलं आणि सोडून दिलं. "हा आपला डावा कोपरा," त्या म्हणाल्या. कबड्डीत टोकाला उभा राहून चढाई करणाऱ्याचा पाय पकडतो तो कोपरा. तेव्हापासून आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विल्सनही लिहू लागला, "दावा कोप्रा स्टिल नो गुड. सो हाऊ?" ऑफिसात एका तमिळ सहकाऱ्याने मला विचारलं होतं की दावा कोप्रा नावाचा खेळाडू कुठल्या देशाचा.

त्या पहिल्या वर्षी आमच्या टीमने नेमका टाच टेकणारा घेतला. शुक्रवारी सकाळी आठला, कारण अमेरिकेची गुरुवारची संध्याकाळ म्हणजे आमची शुक्रवारची न्याहारी. मी रजा टाकली होती, विल्सनने पोट दुखत असल्याचं कळवलं होतं. नाव पुकारलं गेलं आणि विल्सनने टोस्ट खाली ठेवला. तो पोरगा पुढे मोसमभर फेकणाऱ्याला तोंडघशी पाडत राहिला. बाईंनी एकदाही "मी सांगितलं होतं" म्हटलं नाही. फक्त दर सोमवारी लिफ्टमध्ये भेटल्या की विचारायच्या, "टाच?" मी म्हणायचो, "टाच."

पण त्या सर्वज्ञ होत्या असं कुणी समजू नये. चेंडूला लाथ मारायला म्हणून प्रत्येक टीममध्ये एक वेगळा माणूस असतो, त्याचा त्यांना भयंकर राग. "दिवसभर बाकावर बसतो, येऊन एक लाथ मारतो आणि पगार घेतो! लंगडीत राज्य घेणारासुद्धा याच्यापेक्षा जास्त घाम गाळतो." आमच्या टीमने असा एक पोरगा घेतला तेव्हा बाईंनी दोन दिवस अबोला धरला. त्याच पोराने त्या मोसमात आम्हाला तीन सामने जिंकून दिले. तिसऱ्यानंतरच्या शनिवारी बाई कॉफी शॉपमध्ये आल्या, खुर्चीपाशी उभ्या राहिल्या, उजवा हात वर केला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "मी चुकले." मग बसल्या. शेजारच्या टेबलावरच्या दोन चिनी आजोबांनी माना डोलावल्या, त्यांना काय कळलं कोण जाणे. मला त्या दिवशी बाई फार आवडल्या. आपलं चुकलं असं उभं राहून म्हणणारं माणूस मी तोवर ऑफिसात काय, घरातही पाहिलं नव्हतं. घरात म्हणजे मी स्वतः धरून.

मंगलची गोष्ट त्यांनी दुसऱ्या वर्षी सांगितली. विल्सन यायचा होता. आम्ही दोघंच होतो, आणि मी एका पोराला घाईघाईने यादीतून खोडत होतो.

"असं खोडू नकोस रे," त्या म्हणाल्या. "मी एकीला असं खोडलंय."

तीस वर्षांपूर्वी रोह्याला जिल्हा संघाची निवड चाचणी होती. मंगल नावाची मुलगी, म्हसळ्याच्या बाजूची. कोपऱ्याला तिच्यासारखी पकड बाईंनी आधी पाहिली नव्हती, नंतरही नाही. पण त्या दिवशी तिचे पाय उचलेनात. चढाई करणारी समोरून हात लावून जाई आणि ही उभी. बाईंना संताप आला. त्यांनी नावावर काट मारली आणि पुढची मुलगी बोलावली. संध्याकाळी त्या मैदानाबाहेर आल्या तेव्हा मंगल चपला हातात घेऊन अनवाणी जाताना दिसली.

"तेव्हा लक्षात आलं. बहिणीच्या चपला असणार, लहान. पायाला फोड आले असणार. कुठून कुठून चालत आली असेल पोर. आणि मी विचारलं नाही, काय होतंय गं म्हणून. एवढंसं विचारायचं होतं." त्यांनी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली. "पुन्हा ती चाचणीला आली नाही. कबड्डीच सोडली."

"आता कुठे असते?"

"शाळेच्या जुन्या मुलींचा ग्रुप आहे, त्यात आहे. रोज सकाळी फुलांचे फोटो टाकते. नंबर आहे माझ्याकडे."

"मग करा ना फोन."

"कुठल्या तोंडाने करू?" बाई म्हणाल्या, आणि विल्सन येताना दिसला म्हणून विषय बदलला. एरवी कुणालाही खडसावणाऱ्या ह्या बाई एका फोनला इतक्या घाबरतात, हे बघून मला वाईट वाटलं.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी कैलास आला. त्याचं खरं नाव कॅलेब. बाईंच्या तोंडून ते पहिल्यांदाच कैलास असं निघालं आणि तसंच राहिलं. कुठल्याशा चिमुकल्या कॉलेजचा डावा कोपरा. आदल्या वर्षापर्यंत सगळे जाणकार त्याचं नाव घेत होते, पण शेवटच्या मोसमात तो असा काही ढेपाळला की यादीतून गायबच झाला. विल्सनने त्याचा गुण सांगितला, "नाइस हेअर," आणि पुढच्याकडे वळला.

"थांब," बाई म्हणाल्या. "मागे घे."

त्यांनी ती चित्रफीत अकरा वेळा पाहिली. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिली. "अभिजित, ह्याचे पाय बघ. आदल्या वर्षी पाऊल कसं टाकतो, आणि आता कसं. याला पाऊल टाकायला नको वाटतंय. बूट घट्ट आहेत ह्याचे. एवढा दांडगा मुलगा, एवढंसं कॉलेज, कुठून आणणार मापाचे बूट?"

"आंटी, अमेरिका लाह. दे हॅव शूज," विल्सन म्हणाला.

बाईंनी ऐकलं नाही. त्यांनी मला वही काढायला लावली आणि आमच्या टीमच्या निवड समितीला पत्र सांगितलं. "माननीय महोदय, सप्रेम नमस्कार. आपण कैलासला नाकारणार असाल तर जरूर नाकारा, तो आपला अधिकार आहे. परंतु नाकारण्यापूर्वी त्याला एकदा बूट काढून पाय दाखवण्यास सांगावे आणि काय होते आहे ते विचारावे, ही नम्र विनंती. आपली विश्वासू, कुमुद रणदिवे, निवृत्त क्रीडाशिक्षिका."

मी ते इंग्रजीत केलं आणि चार दिवस पाठवलंच नाही. लाज वाटत होती, दुसरं काय. बाई रोज लिफ्टमध्ये विचारायच्या, "गेलं?" पाचव्या दिवशी मला त्यांच्या डोळ्यांत बघवेना. टीमच्या वेबसाइटवर चाहत्यांसाठी एक पत्ता होता, तिथे पाठवून दिलं. दोन मिनिटांत यंत्राने उत्तर धाडलं की आपला अभिप्राय मोलाचा आहे, आणि पुढच्या मोसमाची तिकिटं घ्या. मी ते बाईंना दाखवलं.

"दोन मिनिटांत पोच!" त्या खूश झाल्या. "आमच्या जिल्हा परिषदेकडून सहा महिने येत नसे."

आता ड्राफ्टमध्ये आम्हाला बाकी कुणाचंच काही वाटेना. आमच्या टीमने पहिला कोण घेतला, दुसरा कोण, मला आज आठवतही नाही. शुक्रवार गेला, शनिवार गेला. कैलासचं नाव कुठल्याच टीमने घेतलं नाही. बाई दर वेळी नाव पुकारलं की पुढे सरकायच्या आणि मग टेकून बसायच्या. मी एक वाक्य मनात तयार ठेवलं होतं, समजूत घालायचं. त्यांना कैलासचं नव्हे, मंगलचं लागलं होतं, हे मला कळत होतं. ह्या पोराला कुणीतरी विचारलं, तर रोह्याच्या त्या मैदानावरचं काहीतरी हलकं होणार होतं.

रविवारी सकाळी साडेसातला मी खाली आलो, तर बाई आणि विल्सन आधीच बसलेले. ड्राफ्ट नुकताच संपला होता. कैलास राहिला तो राहिलाच. पण ड्राफ्ट संपला की एक शेवटची धांदल असते. उरलेल्या पोरांतून कुठलीही टीम कुणालाही चाचणीपुरतं बोलावू शकते. विल्सन फोनवर बोट सरकवत होता, सरकवत होता, आणि एकदम उभा राहिला. त्याची खुर्ची मागे पडली.

"टीचर! कैलास! अवर टीम! दे टेक कैलास!"

बाईंनी शिट्टी वाजवली. खरोखर वाजवली. कॉफी शॉपमध्ये सगळे वळून बघायला लागले, कोपीवाला काउंटरमागून बाहेर आला, आणि विल्सन अनोळखी लोकांना सांगत सुटला की आमचा डावा कोपरा आला. मी बाईंना वाकून नमस्कार करून टाकला. सिंगापुरात आल्यापासून इतका आनंद मला कशाचा झाला नव्हता, पर्मनंट रेसिडेन्सीची चिठ्ठी आली तेव्हाही नाही.

बातमीखाली कैलासची छोटी मुलाखत होती. मी ती वाचून मराठीत सांगू लागलो. टीमच्या माणसाने त्याला फोन करून सरळ विचारलं होतं की गेल्या मोसमात झालं काय. तो म्हणाला, डावा घोटा मुरगळला होता. कॉलेज लहान, त्याच्या जागी उभं राहायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून कुणाला सांगितलं नाही. आता बरा आहे.

बाईंनी हातातली शिट्टी खाली सोडली.

"म्हणजे बुटांमुळे नव्हतं," त्या म्हणाल्या.

"क्लोज इनफ लाह, टीचर! लेग इज लेग!"

"नव्हतं रे. काहीतरी होतंय एवढं मला दिसलं. पण काय होतंय ते मी आपलं मनानेच ठरवलं. मंगलच्या चपला ह्याच्या पायात घातल्या." त्या उठून उभ्या राहिल्या. मला वाटलं आता हात वर करणार. पण त्या माझ्याकडे बघत होत्या. "आणि मंगलचं तरी मला कुणी सांगितलं? फोड मी पाहिलेच नाहीत. तिला विचारलं नाही ते नाहीच, वर तीस वर्षं तिचं उत्तरही मीच देत बसलेय. तिकडे किती वाजले?"

"सहा."

"उठली असेल. फुलं टाकते सहाला."

त्या ब्लॉककडे निघाल्या, मी मागोमाग. लिफ्टचं बटण दाबलं आणि तिथेच उभ्या राहून त्यांनी फोन लावला. बाईंचा फोन नेहमी स्पीकरवर, तोंडासमोर आरशासारखा धरलेला. 

"कोण बोलतंय?" पलीकडून असा दरडावणारा आवाज आला की मीच दचकलो.

"मंगल, मी रणदिवेबाई."

पलीकडे एक खुर्ची सरकली. "बाई! थांबा बाई, उभी राहते. बोला."

"बस गं. एकच विचारायचंय. रोह्याला, चाचणीच्या दिवशी, तुझे पाय का उचलत नव्हते? काय होत होतं तुला?"

 लिफ्ट आली, दार उघडलं, बाईंनी एक पाय आत ठेवून ते अडवून धरलं.

"बाई, रागावणार नाही ना?"

"नाही."

"दुसऱ्या दिवशी अलिबागला पोलीस भरती होती. धावायचं होतं, म्हणून पाय राखून खेळत होते. तुम्ही निवडलं असतंत तर त्याच संध्याकाळी शिबिराला न्यायचात, भरती बुडाली असती. आणि तुम्हाला नाही म्हणायची छाती कुणाची होती? म्हणून मुद्दाम आउट होत राहिले. तुम्ही काट मारलीत आणि मी चपला हातात घेऊन पळाले, शेवटची एसटी होती. फौजदार आहे मी आता, बाई. तुम्हाला सांगायला कधी तोंडच नव्हतं."

बाईंनी फोन जरा लांब धरून त्याच्याकडे पाहिलं. मग त्या हसत सुटल्या, डोळ्यांतून पाणी, पाय दारात तसाच. लिफ्ट चिडून टुंई टुंई वाजत होती.

त्याच आठवड्यात मला कामासाठी दोन महिने तैवानला जावं लागलं, आणि मी परतेपर्यंत निखिलची पुण्याला बदली होऊन घर रिकामं झालं होतं. त्यामुळे त्या लिफ्टच्या दारात बाईंना पाहिलं तेच शेवटचं. त्यांनी पाय आत घेतला, दार बंद व्हायला लागलं, आणि फटीतून त्यांचा तो मैदानभर ऐकू जाणारा आवाज आला.

"अगं बये, मग मी तुला कुठे नाकारलं? तूच मला नाकारलंस की!"